डाव्या पाकळीखालची पेज

माझ्या बायकोला माझा मुतखडा ठाऊक होता, माझी उधारी ठाऊक होती, मी झोपेत दात खातो हेही ठाऊक होतं. ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. ती गेली त्या दुपारी मी तिच्या उशाशी बसलो होतो, खोलीत तिसरं कुणी नव्हतं, आणि सांगायचं म्हणून मी तोंड उघडलंही — आणि पाणी हवं का, एवढंच विचारलं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कोण लागता? कुणीच नाही. बहुधा म्हणूनच जमतंय.

गेल्या आठवड्यात एक तरुण कारकून माझ्याकडे आला होता. नवं लग्न झालेला, हातात वही. म्हणाला, "काका, चार पैसे साठलेत. एखादी लहानशी चाळ घेऊन भाड्यानं द्यावी म्हणतो. धोका किती, फायदा किती, जरा नीट सांगा." गिरगावापासून दादरपर्यंत लोकांना वाटतं, भाड्याच्या जागेतलं मला कळतं. मग काय, मी लोडाला टेकलो आणि सुरू झालो. सरकारी कर्जाचे कागद घेतलेस तर झोप चांगली लागेल पण घर चालणार नाही. सोनं पेटीत पडून राहतं. चाळ मात्र महिन्याच्या महिन्याला तुला पोसते — पण घेण्याआधी मोरीचं पाणी कुठं जातं ते बघ, पावसात अंगणात तळं साचतं का ते शेजाऱ्याला विचार, भिंती मातीच्या की विटांच्या ते टोकरून बघ. आणि रिकामी खोली ही सगळ्यात महाग खोली, हे विसरू नकोस. पोरानं सगळं लिहून घेतलं. जाताना माझ्या पाया पडला.

पाया पडला! मला इतकी शिसारी आली स्वतःची की संध्याकाळी पानावरून तसाच उठलो. सून म्हणाली, आमटीत काही कमी-जास्त झालं का? आमटी उत्तम होती.

ही विद्या मी शिकलो कुठं, ते त्या पोरानं विचारलं नाही. कुणीच विचारत नाही.

मी मूळचा मालवणकडचा, गुरवाचा मुलगा. आमच्या गावच्या देवळाची पूजा आमच्या घरात. माझे वडील देवाला कौल लावायचे. तुम्ही तिकडचे नसाल तर सांगतो — कुणाला काही मोठं करायचं असलं, लग्न, विहीर, भावाभावांत वाटणी, की तो देवळात येतो. गुरव फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणाला चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग देवाला विचारायचं — कर म्हणत असशील तर उजवी दे, नको म्हणत असशील तर डावी दे. आणि बसून राहायचं. जी पाकळी आधी गळेल तो देवाचा शब्द. त्यापुढे गावात कुणी बोलत नाही. वडिलांनी मला सात-आठ वर्षांचा असताना शिकवलं होतं, दोन्ही पाकळ्या एका वेळी, एकाच पाण्यात बुडव. एवढीच आमची विद्या, आणि एवढाच आमचा प्रामाणिकपणा.

मी चार बुकं शिकलो, मुंबईला आलो, परळच्या एका गिरणीत हजेरी मांडायला लागलो. राहायला गिरगावात एका खोलीत. आमच्या चाळीचे मालक अप्पा — दिवसभर गॅलरीत तपकीर ओढत बसलेले, गोरे, गुबगुबीत, कधी घाईत नाहीत. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? मी पहाटे भोंग्याबरोबर धावायचो आणि हा माणूस बसल्या जागी खायचा. एकदा मी विचारलंच की, मलाही असं काही करता येईल का. अप्पांना शिकवायची हौस होती. ते म्हणाले, तुला गिरगाव परवडायचं नाही, तू लालबागकडे बघ, गिरण्या वाढतायत, माणसं बोटीनं येतायत आणि त्यांना डोकं टेकायला जागा नाही. आणि भाडेकरू घेशील ते एका गावचे घे. एक गेला तर सगळे जातील, हा धोका. पण एकाला धरून ठेवलंस तर सगळे राहतील, हा फायदा.

बायकोच्या पाटल्या गेल्या, सासऱ्यांनी हात दिला, आणि लालबागला मागच्या गल्लीत मी एक बैठी चाळ घेतली. बारा खोल्या, मातीच्या भिंती, मध्ये अंगण, अंगणात सावलीचं, जुनं रानभेंडीचं झाड, मागे नाला. भिंती मी टोकरून बघितल्या नव्हत्या. बाराच्या बारा बिऱ्हाडं माझ्या गावची घेतली. आणि अप्पांनाही सुचली नसती अशी एक गोष्ट मी केली. गावच्या ओढ्यातला एक काळा, गुळगुळीत पाषाण आगबोटीतून आणला आणि भेंडीखाली बसवला. आमच्या ग्रामदेवाचं नाव त्याला दिलं. लोक रडले हो त्या दिवशी! मला म्हणाले, तू आमचा देव आणलास. मी मनात म्हणालो, आता ही बिऱ्हाडं हलायची नाहीत.

वाचताय ना? अजून मी काहीच सांगितलेलं नाही. हे सगळं तर शहाणपण झालं.

त्या चाळीत सगळ्यांना धरून ठेवणारी होती ती भागीरथीकाकी. विधवा बाई, पन्नाशीच्या आतली, काळी, ठेंगणी, आवाज खणखणीत. गिरणीतल्या एकट्या गड्यांसाठी ती खाणावळ चालवायची. कोपऱ्यातल्या मोठ्या खोलीत ती आणि तिची मुलगी तानी, दहा-अकरा वर्षांची. पंधरा-वीस पुरुष तिच्या हातचं जेवायचे, तिच्या शिव्या खायचे, पगार झाला की गावच्या मनीऑर्डरीचे पैसे आधी तिच्याजवळ ठेवायचे म्हणजे गुत्त्यात जायचे नाहीत. मी लहान असताना तिनं मला देवळाच्या पायरीवर भाकरी दिलेली होती. मला ती झिला म्हणायची — लेका. मालक मी, पण ती मला झिला म्हणायची आणि मला ते आवडायचं.

मग गाठीचा ताप आला, प्लेग. पहिलं वर्ष मांडवीकडं, नंतर सगळीकडं. लोक ट्रंका डोक्यावर घेऊन बंदरावर धावत होते. तपासणीवाले शिपाई घराघरात शिरत, आजाऱ्याला उचलून नेत, खोल्यांची छपरं उघडी करून टाकत, चुना फासत. माझ्या शेजारच्या दोन चाळी बघता बघता ओस पडल्या. त्यांचा मालक एक म्हातारा होता, तो रिकाम्या अंगणात खाटेवर बसलेला असायचा. मी त्याच्या खाटेवर स्वतःला बघत होतो. सासऱ्यांचे पैसे, बायकोचे मोकळे हात — हे सगळं खरं आहे, पण हे सांगून मी काही सुटू बघत नाही. सुटायचं असतं तर याआधीच कुणाला तरी सांगितलं असतं.

लोकांना तोवर एक कळलं होतं. साहेब लोक काहीही म्हणोत, आधी उंदीर मरून पडतात. मग माणूस पडतो. घरात उंदीर पडला की भांडीकुंडी उचलायची आणि बाहेर पडायचं, झोपडं बांधून राहायचं, पण त्या भिंतींत राहायचं नाही. एवढी एक खूण गरिबाच्या हातात होती. दुसरी कसलीच नव्हती.

ती खूण मी चोरली.

दुपारच्या सुटीत मी गिरणीतून चाळीवर चक्कर मारायचो. गडी कामावर, बायका चुलीशी. एका दुपारी मागच्या मोरीशी एक उंदीर झिंगल्यासारखा चालत बाहेर आला, उन्हात थांबला, आणि माझ्या वहाणेपाशी आडवा झाला. तोंडाला फेस होता. मी इकडं-तिकडं बघितलं. कुणी नव्हतं. माझ्या हातात उन्हाची छत्री होती, काळी, कारकुनाची. मी नारळाच्या सोडणानं, सालीच्या तुकड्यानं, तो उंदीर उचलला आणि मिटलेल्या छत्रीत टाकला. छत्री काखेत धरून, समोरून येणाऱ्या बाईला काय गो, बरी हस ना, असं विचारत मी चाळीबाहेर पडलो आणि नाल्यात ती झटकली.

दुसऱ्या दिवशी दोन होते. एक भिंतीच्या बिळात अर्धा अडकलेला, शेपटीला धरून ओढावा लागला. असे मी नऊ उंदीर नेले. नऊ! एक चुकून होईल, दोन होतील, पण नऊ वेळा माणूस वाकतो तेव्हा त्याला काय करतोय ते ठाऊक असतं. घरी जाऊन राखेनं हात घासायचो, बायको म्हणायची, कातडी निघेल हो. जेवताना बोटांना वास यायचा. आणि ऐका — ती छत्री मी टाकली नाही. धुतली, वाळवली आणि पुढचा पावसाळाभर वापरली. चांगली होती म्हणून.

तरी भीती चाळीत शिरलीच. शेजारी माणसं मेली होती. एका रविवारी सकाळी मी गेलो तर अंगणात वळकट्या बांधलेल्या. भागीरथीकाकीनं मोठी पातेली गोणपाटात गुंडाळली होती. ती गेली की बाराच्या बारा खोल्या जाणार, हे मला अप्पांनी आधीच सांगितलेलं. तिनं मला बाजूला घेतलं. "झिला, माका खरा सांग हां. चाळीत उंदीर पडलो काय रे खय?"

"नाय गो काकी. पडलो असतो तर तुका नाय सांगणार?"

"माझा काय नाय रे. पण ह्या पोरीचा काय?"

तानी उंबऱ्यावर बसून सुपात तांदूळ पाखडत होती. काकी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिला माझा शब्द पुरला नाही, ते मला दिसलं. मालकाचा शब्द कसा पुरावा? मालक 'राहा'च म्हणणार. तिची शंका अगदी बरोबर होती. आणि तेव्हा — ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, ही माझी — मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आपण देवालाच विचारूया ना. देव सांगेल तसं."

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. इतके दिवस कुणी तरी ठरवून द्यावं म्हणून ती माणसं तळमळत होती. काकीच पहिली म्हणाली, "व्हय. तू गुरवाचो झील. तुझ्या हातचो कौल तो खरो." मला म्हणाली, उपाशी असशील, आधी दोन घोट घे. आणि तिनं बांधलेल्या सामानातून वाडगा काढून मला चुलीवर उरलेली पेज दिली. उकड्या तांदळाची, दाट, गरम. मी प्यायलो. वाडग्याच्या तळाशी राहिली होती तिच्यात उजव्या हाताचं मधलं बोट बुडवलं आणि ते बोट तसंच, मूठ मिटून, भेंडीखाली घेऊन गेलो.

सांगू ना पुढे? का कळलं तुम्हाला?

उजवी पाकळी मी पाण्यातून काढून झटकली, जेमतेम ओली राहील अशी. डाव्या पाकळीच्या पाठीला पेज फासली. आम्हा गिरणीवाल्यांना सुताला खळ कशी धरते ते सांगावं लागत नाही. दोन्ही पाकळ्या पाषाणाला लावल्या आणि वडिलांच्या आवाजात, अगदी त्यांच्याच हेलात, देवाला विचारलं — ही लेकरं इथं राहू देत म्हणत असशील तर उजवी दे, इथून जावं म्हणत असशील तर डावी दे. पन्नासेक माणसं हात जोडून बसली. माझा हातही जोडलेला होता. बोटाला पेज वाळून कातडी ताणत होती.

उजवी पाकळी गळायला फार वेळ लागला नाही.

बायकांनी वळकट्या सोडल्या. कुणीतरी नारळ फोडला. काकीनं पातेली परत चुलीवर चढवली आणि त्या दिवशी सगळ्यांना गोड केलं. मीही जेवलो. मला त्या वेळी काय वाटलं म्हणाल तर — हलकं वाटलं. महिना निघाला, असं वाटलं. त्या हलकेपणाची मला आज जितकी किळस येते तितकी त्या उंदरांचीही येत नाही.

पाचव्या दिवशी काकीला ताप भरला. मी दुपारी गेलो तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. काखेत गाठ होती, पदरानं झाकलेली. डोळे लाल. मला ओळखलं तिनं. म्हणाली, "देवान रव म्हणान सांगल्यान. मगे माका कसा इला ह्या? माझाच काय तरी चुकला असतला. तू देवाक इचार रे, झिला. काय चुकला माझा?"

तेव्हा बोललो असतो तर? ती वाचली नसती. पण स्वतःला दोष न देता मेली असती. तेवढं माझ्या हातात होतं. एक वाक्य. मी म्हणालो, "विचारतो हां काकी." आणि उंबऱ्याबाहेर आलो, कारण गिरणीचा भोंगा वाजला होता. भोंगा वाजला म्हणून आलो मी बाहेर!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मागोमाग तिच्याकडं जेवणारे दोघे गडी गेले, एक तर पंचवीसचाही नव्हता. मग शिपाई आले, छपरं उघडली, माणसांना वडाळ्याच्या मिठागरांकडं उभारलेल्या झोपड्यांत नेऊन ठेवलं. मला वाटलं, बुडालो. पण तुम्हाला सांगतो, फायदा झाला. साथ ओसरल्यावर माझी बिऱ्हाडं माझ्याच चाळीत परत आली, कारण देवानं जागा चांगली म्हणून सांगितलं होतं. शेजारच्या खोल्या ओस आणि माझ्याकडं नव्या माणसांची रीघ. मी भाडं वाढवलं. दोन वर्षांत शिवडीला दुसरी चाळ घेतली. अप्पांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, तुला धोका ओळखता येतो.

देव खोटं बोलत नाही, हे तर चाळीत सगळ्यांना ठाऊक. मग तीन माणसं मेली कशी? याचं उत्तर लोकांनी त्यांच्या परीनं शोधलं. देवानं राहा म्हटलं आणि तरी घात झाला, म्हणजे कुणीतरी देवाचं काही मोडलं असणार. आणि पहिली कोण पडली? काकी. मग आठवायला लागले सगळे. विटाळात देवाला दिवा लावला असेल. विधवा बाई, इतके पुरुष घरात जेवायला — काय सांगावं? ज्या माणसांनी तिच्या हातचं खाल्लं होतं, ती माणसं हे बोलली. माझ्यासमोर बोलली. मी मान हलवायचो. नाही म्हणून नव्हे, हो म्हणूनही नव्हे, नुसती हलवायचो.

तानीला तिच्या चुलत्यानं गावी नेलं. पुढच्या वर्षी जत्रेला मी गावी गेलो, आता चाळमालक म्हणून, कोट घालून. देवळात माणूस मावत नव्हतं. गावानं ठरवलं होतं की काकीच्या दोषाचं देवापुढं गाऱ्हाणं घालायचं, नाहीतर मुंबईतल्या पोरांवर पुन्हा काही यायचं. आमच्याकडं गाऱ्हाणं घालतात ते असं — गुरव देवापुढं उभा राहून मोठ्यानं मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव एका आवाजात होकार देतो. गुरव माझे वडील होते. म्हातारे झाले होते, पण आवाज तोच.

तानीला पुढं उभं केलं. परकर-पोलकं, केस कुणीतरी चापून बांधलेले, हातात नारळ. तिला वाकायला सांगितलं तशी ती वाकली, नाक जमिनीला घासायला सांगितलं तसं घासलं. तिनं उठून माझ्याकडं बघितलं. मुंबईचा ओळखीचा माणूस म्हणून बघितलं असेल. तिच्या नाकाच्या शेंड्याला माती लागली होती. वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ही पोर आज तुझ्या दारात उभी हा. हिच्या आवशीच्या हातसून तुझी काय चूक झाली असात, ती पदरात घी, आणि ह्या पोरीची राखण कर रे म्हाराजा!"

सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

मीही म्हणालो. शेजारच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो.